इलियडाच्या नवव्या सर्गांतील चार ओळी

होमरच्या इलियडाच्या दोन-चार छापील ग्रीक आवृत्त्या शेजारीं शेजारीं ठेवून नवव्या सर्गांतील ओळींचे अनुक्रमांक तपासले, तर एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. कांहीं आवृत्त्यांत ४५७ व्या ओळीनंतर एकदम ४६२ वी ओळ येते. मधले चार आंकडे मोजणींत धरलेले आहेत, पण त्यांच्या ओळी नाहींत. दुसऱ्या कांहींत त्या ओळी आहेत, पण कंसांत. जुन्या पोथ्या हाताळणारांस गहाळ पत्राचें नवल वाटत नाहीं. परंतु येथें पत्र गहाळ झालेलें नाहीं. इलियडाच्या ज्या मध्ययुगीन हस्तलिखित प्रती आज उपलब्ध आहेत, त्यांपैकीं एकींतहि या चार ओळी आढळत नाहींत. त्या वांचल्या त्या केवळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या प्लूटार्क या ग्रंथकारानें तरुणांनीं काव्य कसें वाचावें या विषयावरील आपल्या निबंधांत त्यांचें अवतरण दिलें म्हणून; आणि त्या मूळ काव्यांत कां नाहींत याचें कारणहि त्यानेंच सांगून ठेविलें आहे. त्याचें म्हणणें असें कीं, आरिस्टार्कस भ्याला आणि त्यानें त्या काढून टाकल्या.

ह्या ओळींचा विषय पितृवध हा आहे. त्या खऱ्या कीं खोट्या, हा प्रश्न केवळ पाठभेदाचा नाहीं. ग्रीक महाकाव्यांतील वीर पुरुष राजाशीं कसा वागतो, बापाशीं कसा वागतो, आणि या दोन नात्यांत त्याचा हात कोठें आवरतो, हें सगळें या चार ओळींपाशीं येऊन भिडतें. म्हणून प्रथम प्रसंग सांगतों आणि मग पोथ्यांकडे वळतों.

नववा सर्ग हा दूतांचा सर्ग होय. सेनाधिपति राजा आगामेम्नॉन यानें अकिलीसाच्या वांट्यास आलेली ब्रिसेइस ही बंदिवान स्त्री हिरावून घेतली, त्यामुळें तो वीर रुसून आपल्या तळावर बसला आहे आणि ट्रोजन सैन्य गलबतांच्या जवळ येऊन ठेपलें आहे. राजा हवालदिल होऊन नजराण्याची मोठी यादी जाहीर करितो: सात तिवया, दहा टॅलंट सोनें, वीस कढया, बारा शर्यतीचे घोडे, लेस्बॉस बेटांतील सात स्त्रिया, स्वतः ब्रिसेइस, आणि ट्रॉय पडल्यावर आणखी पुष्कळ. परंतु आमच्या मतें यादींतील खरें कलम वेगळेंच आहे. आपल्या तीन मुलींपैकीं मनास येईल ती अकिलीसानें कन्याशुल्क न देतां न्यावी, सोबत सात नगरें घ्यावींत, आणि आपण त्यास आपल्या पुत्राच्या, म्हणजे ओरेस्टीसाच्या, बरोबरीनें मानूं, असें राजा म्हणतो. हें नुसतें दान नव्हे. वीरास जामात करून, मुलाच्या जागीं बसवून, त्यास आपल्या कुळाच्या छत्राखालीं ओढण्याचा हा डाव आहे. राजाच्या भाषणाच्या शेवटच्या शब्दांत तो उघडाच पडतो. अकिलीसानें आतां नमावें, कारण मी अधिक मोठा राजा आहें व वयानेंहि वडील आहें, अशा अर्थाचें तें वाक्य आहे. ओडिसियस हा चतुर दूत सगळी यादी अकिलीसास जवळजवळ जशीच्या तशी ऐकवितो आणि हें एवढें वाक्य मात्र गाळतो. अकिलीस तें न ऐकतांहि ओळखतो. त्याचें उत्तर असें कीं, मी घरीं सुखरूप पोंचलों तर माझ्यासाठीं वधू पाहण्यास माझा बाप पीलियस समर्थ आहे. बाप असतां दुसरा बाप कशास, हा त्याचा भाव.

राजाचें राजेपण होमर कसें मोजतो हें दुसऱ्या सर्गांत आगामेम्नॉनाच्या राजदंडाच्या वर्णनांत दिसतें. तो दंड हिफेस्टसनें घडविला, झ्यूसास दिला, त्याच्याकडून हर्मीसाकडे, तेथून पेलॉप्स, आट्रियस, थिएस्टीस अशा क्रमानें आगामेम्नॉनाकडे आला. आट्रियस व थिएस्टीस या भावांचें भयंकर वैर पुढील ग्रीक नाटककारांनीं गाजविलें. त्याचा येथें उच्चारहि नाहीं. दंड एका हातांतून दुसऱ्या हातांत शांतपणें जातो. कवीस ती कथा ठाऊक नव्हती, कीं राजदंडाच्या वंशावळींत त्यास ती नको होती, हा वाद जुना आहे. एवढें खरें कीं, कुळांतील रक्तपात कोठें सांगावा आणि कोठें सांगूं नये याचा विवेक या काव्यांत आहे. पुढील विवेचनास ही गोष्ट उपयोगी पडेल.

ओडिसियसास नकार मिळाल्यावर वृद्ध फीनिक्स बोलूं लागतो. त्यानें अकिलीसास लहानपणीं मांडीवर घेऊन भरविलें, आणि त्या बाळानें घोट घेतां घेतां त्याच्या अंगरख्यावर दारू सांडली, हें तो स्वतःच सांगतो. महाकाव्यांत इतकी घरगुती आठवण क्वचितच येते. नंतर तो आपली कथा सांगतो. त्याचा बाप अमिंतोर यानें एक रखेली ठेविली आणि धर्मपत्नीची अवहेलना केली. आई मुलाच्या पायां पडून विनवूं लागली कीं, तूं त्या रखेलीशीं संग कर, म्हणजे तिला म्हाताऱ्याचा वीट येईल. मुलानें ऐकलें. बापास तें कळलें, आणि याच्या पोटचें मूल माझ्या मांडीवर कधीं न बसो असा शाप त्यानें दिला. देवांनीं तो खरा केला. येथपर्यंत सर्व प्रतींत कथा एकच आहे.

येथेंच त्या चार ओळी येतात. त्यांत फीनिक्स म्हणतो कीं, तीक्ष्ण शस्त्रानें बापास ठार करावें असें मीं मनांत योजिलें. पण कोणा एका देवानें माझा कोप आवरला आणि लोक काय म्हणतील, किती निंदा होईल, हें माझ्या मनांत भरविलें, म्हणून ग्रीकांत माझें नांव पितृघातकी पडलें नाहीं. पुढें पुन्हां सर्व प्रतींतील पाठ सुरू होतो. रागावलेल्या बापाच्या घरांत राहणें त्याच्या मनास अशक्य झालें. भाऊबंद भोंवतीं जमले, त्याची मनधरणी करूं लागले, मेंढरें-डुकरें कापून जेवणावळी घालूं लागले, म्हाताऱ्याच्या रांजणांतील दारू पिऊं लागले. नऊ रात्री त्यांनीं पाळीपाळीनें पहारा केला, विस्तव विझूं दिला नाहीं. दहाव्या रात्रीं तो खोलीचें दार फोडून, अंगणाची भिंत ओलांडून पळाला आणि फ्थिया देशांत पीलियसापाशीं आला. एकुलत्या एका मुलावर बापानें माया करावी तशी पीलियसानें त्याच्यावर केली, त्यास श्रीमंत केलें व डोलोपियन लोकांचें राज्य दिलें. मूल होणार नाहीं या शापाचें उत्तर म्हणून त्यानें अकिलीसासच आपला पुत्र मानलें.

पीलियसाच्या या घराकडे टीकाकारांचें जितकें लक्ष जावें तितकें जात नाहीं. पॅट्रोक्लस तेथेंच वाढला. लहानपणीं फांशांच्या खेळांत त्याच्या हातून एक मुलगा मारला गेला, म्हणून त्याच्या बापानें त्यास पीलियसाकडे आणून सोडलें. सोळाव्या सर्गांत पडणारा एपिगियस हाहि आपल्या चुलतभावास मारून तेथेंच आश्रयास आला होता. दुसऱ्या सर्गांतील त्लेपोलेमस हा बापाच्या मामास मारून ऱ्होड्स बेटांत पळाला व तेथें राजा झाला, त्यालाहि कवि दोष देत नाहीं. कुळांतून तुटलेल्या माणसास ठाव देणें हें या काव्यांतील राजाचें एक मुख्य कर्म आहे. आगामेम्नॉन मुलगी देऊं करून पुत्र मिळवूं पाहतो आणि त्यास तो मिळत नाहीं. पीलियस दार उघडतो आणि त्यास तीन पुत्र मिळतात. ही तुलना कवीनें कोठें बोलून दाखविली नाहीं.

आतां पोथ्यांकडे वळूं. इलियडाच्या प्रतींत सर्वांत प्रसिद्ध प्रत व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयांत आहे. ती चर्मपत्रावर लिहिलेली, दहाव्या शतकांतील आहे. कार्डिनल बेसारियन यानें आपला ग्रंथसंग्रह १४६८ सालीं व्हेनिस गणराज्यास अर्पण केला, त्यांत ती होती. फ्रेंच पंडित व्हिल्वाझों यानें ती टीपांसह १७८८ त छापली, आणि त्या प्रकाशनाच्या आधारावर वोल्फनें १७९५ त होमरच्या कर्तृत्वाचा वाद उभा केला. २००७ सालीं तिचीं सर्व पानें नव्या यंत्रांनीं छायाचित्रित झालीं, त्यामुळें आतां ती घरबसल्या पाहतां येते. ज्यांनीं आपल्याकडील सटीक पोथ्या पाहिल्या आहेत त्यांस तिची मांडणी परकी वाटणार नाहीं: मध्यभागीं मूळ, भोंवतीं समासांत बारीक अक्षरांत टीका, आणि ओळीच्या डाव्या बाजूस खुणा. या खुणा व टीका आलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयांतील पंडितांच्या परंपरेंतून आलेल्या आहेत, आणि त्या परंपरेचा मुख्य पुरुष इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकांतील सॅमोथ्रेसचा आरिस्टार्कस हा होय. त्यानें ज्या ओळी संशयित ठरविल्या त्यांच्यापुढें एक आडवी रेघ आहे. ती ऑबेलस.

आरोपाचा निर्णय बव्हंशीं या आडव्या रेघेवरच होतो. आमच्याकडे नको असलेल्या अक्षरांवर हरताळ फासतात. अक्षर झांकलें जातें, आणि पुढील लेखक त्यास सोडून नक्कल करितो. आरिस्टार्कसाची रेघ म्हणजे हरताळ नव्हे. तो ओळ जागच्या जागीं ठेवतो, शेजारीं खूण करितो, आणि ही होमरची नसावी असें कारणांसह टीकेंत सांगतो. म्हणूनच त्यानें नाकारलेल्या शेंकडों ओळी आजहि आपल्या हातांत आहेत. मग याच चार ओळींस त्यानें वेगळा न्याय कां लावला असेल? लावला असता, तर टीकेंत त्याचा मागमूस उरावयास हवा होता. व्हेनिसच्या प्रतींतील टीपांत त्याच्या मतांचा सारांश पानोपानीं आहे. या ओळींविषयीं त्यांत अवाक्षर नाहीं. उलट, ज्या ओळींस त्याच्या जवळील प्रतींचा आधार पुरेसा नव्हता अशा कांहीं ओळी त्यानें मुळांतच घेतल्या नाहींत, हेंहि प्रसिद्ध आहे. तेव्हां प्लूटार्कचें वाक्य दोन भागांत तोडून पाहिलें पाहिजे. त्याच्या काळीं या ओळी असलेला एक पाठ वाचकांत रूढ होता, ही साक्ष आहे, आणि ती मानण्यास हरकत नाहीं. आरिस्टार्कस भ्याला, हा तर्क आहे. नीतिशिक्षणावर निबंध लिहिणारा माणूस, ओळी गळाल्याचें कारण नीतींतच शोधणार. त्याला प्रतींची संख्या मोजण्याचें प्रयोजन नव्हतें.

यावर कोणी म्हणेल, ओळी सर्व प्रतींत नाहींत, एवढ्यानेंच प्रश्न मिटला. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली. तींत गणपतीनें लेखकाचें काम केल्याची सर्वांची आवडती कथा आदिपर्वाच्या मूळांतून काढून परिशिष्टांत गेली, ती प्रतींच्या साक्षीवरूनच. तो न्याय आम्हांस मान्य आहे. पण तेथें प्रतींच्या निरनिराळ्या शाखा एकमेकींपासून स्वतंत्रपणें साक्ष देतात. इलियडाच्या मध्ययुगीन प्रती पुष्कळ असल्या तरी ओळींच्या संख्येपुरता त्या सर्वांवर आलेक्झांड्रियाच्या कालानंतर स्थिरावलेल्या एकाच पाठाचा छाप आहे. त्याहून जुन्या पपायरसांच्या तुकड्यांत जादा ओळी वारंवार सांपडतात. तेव्हां शंभर प्रतींचें मौन हें येथें शंभर साक्षीदारांचें मौन नव्हे.

बाह्य प्रमाण असें दोन्हीकडे अडलें म्हणजे अर्थाकडे पाहावें लागतें. ओळींच्या विरुद्ध जें बोलतां येतें त्यांतील बळकट आक्षेप हा: मुलगा बापास मारावयास निघाला होता, तर भाऊबंदांनीं त्याला त्याच घरांत नऊ रात्री कोंडून कां ठेविलें? त्यास जाऊं देणेंच शहाणपणाचें झालें असतें. उत्तर देतां येतें. ओळींत फक्त मनांतील योजना आहे. ती कोणास सांगितली असें नाहीं. भाऊबंदांस दिसला तो घर सोडूं पाहणारा एकुलता वारस, आणि त्यांनीं त्यास अडविलें. दुसरा आक्षेप, असली अमंगळ कल्पना होमर एका सज्जन म्हाताऱ्याच्या तोंडीं घालणार नाहीं, हा. हा आम्हांस टिकाऊ वाटत नाहीं. ओडिसीच्या अकराव्या सर्गांत ईडिपसानें बापास मारून आईशीं विवाह केल्याचें स्पष्ट सांगितलें आहे. मात्र त्याच काव्याच्या तिसऱ्या सर्गांत ओरेस्टीसानें ईजिस्थसास मारून त्याची व आपल्या आईची उत्तरक्रिया केली असें येतें, आणि आई कोणाच्या हातून मेली हें सांगितलेलें नाहीं. टेलेमाकसापुढें ओरेस्टीस हा आदर्श पुत्र म्हणून ठेवावयाचा होता. तेथें मातृवध अडचणीचा. म्हणजे कवि बोलतो किंवा गप्प राहतो तें प्रसंग पाहून. प्रश्न एवढाच उरतो कीं, फीनिक्सच्या प्रसंगास ही कबुली हवी होती कीं नको होती.

आमच्या मतें ती हवीच होती. पहिल्या सर्गांत भर सभेंत अकिलीसानें आगामेम्नॉनास मारण्यासाठीं तरवार अर्धी उपसली होती. अथीना देवीनें मागून येऊन त्याचे केस धरले व त्यास थांबविलें. ती दुसऱ्या कोणास दिसली नाहीं. तेव्हां फीनिक्सला त्या क्षणाची वार्ता नाहीं. श्रोत्यांस आहे, आणि समोर बसलेल्या अकिलीसास आहे. म्हातारा जेव्हां म्हणतो कीं, माझाहि हात एका देवानें धरला, तेव्हां तो नकळत अकिलीसाच्या मनांतील सर्वांत गुप्त जागेवर बोट ठेवतो. एकाचा राग राजावर, दुसऱ्याचा बापावर. दोघांस देवानें आवरलें. एकास तिप्पट भरपाईच्या वचनानें, दुसऱ्यास लोकापवादाच्या भयानें. लोकापवाद हा शब्द आम्ही मुद्दाम योजितों. हेक्टरासहि बाविसाव्या सर्गांत नगरच्या भिंतीआड जाण्यापासून अडवितें तें हेंच भय. या ओळी काढल्या तर फीनिक्सची कथा शापाची व पलायनाची उरते आणि ती ऐकणाऱ्यास लागू पडण्याचें कारण निम्मेंशिम्में जातें. तो पुढें मेलिएगरची कथा सांगतो तिचाहि रोख हाच आहे. आईचा भाऊ मेलिएगरच्या हातून मेला, आईनें शाप दिला, तो रुसून बायकोपाशीं निजून राहिला, शत्रु गांवाच्या वेशीवर आला. वडील, बहिणी, स्वतः आई, जिवलग मित्र, सर्वांनीं विनविलें, आणि अखेर ऐकलें तें बायकोचें. गांव वांचलें, पण उशीर केल्यामुळें बक्षिसें हातचीं गेलीं. दोन्ही कथांत घरच्या माणसांच्या आग्रहाची रांग आहे आणि त्या रांगेपुढें न हलणारा एक रागीट पुरुष आहे.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाहीं. दूत निघाले तेव्हां ते तिघे होते, ओडिसियस, एजॅक्स व फीनिक्स. परंतु समुद्रकांठानें जाण्याच्या वर्णनांत त्यांच्यासाठीं क्रियापदें द्विवचनीं आहेत. ग्रीकांत संस्कृतासारखेंच द्विवचन असल्यामुळें ही विसंगति संस्कृतज्ञ वाचकांस अधिकच बोंचेल. यावरून कित्येक विद्वानांनीं फीनिक्स हा दुताईच्या कथेंत मागाहून शिरला असावा असें अनुमान काढलें आहे. दुसऱ्यांनीं त्याचें समाधान निरनिराळ्या रीतीनें केलें आहे. तें अनुमान मान्य केलें तर आमच्या चार ओळी ज्या भाषणांत बसतात तें भाषणच उशिरांचें ठरतें. ठरो. तें ज्या गायकानें रचिलें त्यानें त्या ओळींसह रचिलें कीं त्यांवांचून, एवढाच आमचा वाद आहे, आणि वरील कारणांवरून त्यांसह रचिलें असावें असें आम्हांस वाटतें. पुढें एकाद्या पाठकानें त्या गाळून म्हटलें असेल, आणि गाळलेली परंपरा आलेक्झांड्रियास पोंचली असेल. सभेंत म्हातारे बाप व तरुण मुलगे एकत्र बसलेले असतां त्या गाळाव्याशा वाटणें अस्वाभाविक नाहीं.

या भाषणाचा परिणाम काय झाला तेंहि काव्यांतच आहे. ओडिसियसास अकिलीस म्हणतो, उद्यां सकाळीं मी घरीं निघालों. फीनिक्सचें ऐकल्यावर म्हणतो, जावें कीं राहावें तें सकाळीं ठरवूं. एजॅक्सचें ऐकल्यावर म्हणतो, हेक्टर माझ्या गलबतांपर्यंत येईतों मी लढणार नाहीं. म्हणजे जाण्याची भाषा संपली. परंतु ओडिसियस परत येऊन राजास फक्त पहिलें उत्तर सांगतो. येतांना राजाचें एक वाक्य त्यानें गाळलें होतें, जातांना वीराचीं दोन उत्तरें गाळलीं. शेवटीं, चोविसाव्या सर्गांत, वृद्ध प्रायम राजा मुलाचें प्रेत मागावयास रात्रीं अकिलीसाच्या तळावर शिरतो, तेव्हां कवि त्यास उपमा देतो ती स्वदेशीं मनुष्यवध करून परक्या श्रीमंताच्या दारीं आश्रयास आलेल्या पुरुषाची. पीलियसाच्या दारीं असे किती आले हें आपण पाहिलेंच. प्रायमाच्या तोंडचे पहिले शब्द, तुझ्या बापाची आठवण कर, असे आहेत, आणि या वेळीं अकिलीस दार लावीत नाहीं.

राहिला छापण्याचा प्रश्न. या ओळी तळटीपेंत घालाव्या, कंसांत घालून मूळांत ठेवाव्या, कीं गाळून नुसते आंकडे सोडावे? आमचा कौल कंसाकडे आहे. तळटीपेंत घातलेलें वाचक वाचीत नाहीं, हा अनुभव या त्रैमासिकाच्या वाचकांसहि असेल. कंसाच्या बाहेर आणण्याइतका पुरावा मात्र आज तरी नाहीं; तो मिळेल तर एकाद्या जुन्या पपायरसाच्या तुकड्यावरच मिळेल, ज्यावर ४५७ वी ओळ शाबूत आहे आणि तिच्याखालीं आणखी बोटभर कागद फाटावयाचा राहिला आहे.